डॉक्टरांनी न प्यालेलं पाणी
फॉर्मालिनचा उग्र वास आला की सत्तरच्या दशकातलं आमचं सोलापूरचं अंगण आठवतं. शेजारी चादरींचं सूत रंगवायचा कारखाना होता आणि त्याचं सांडपाणी आमच्या आडाला लागूनच वाहायचं. आज कुठला रंग चाललाय, ते आमच्या कुत्रीच्या पायांवरून कळायचं. ती झटके येऊन मेली, तेव्हा वडिलांचे जिवलग मित्र असलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी तिचं काळीज नि मूत्रपिंडं फॉर्मालिनच्या बरणीत घालून, त्यात रंगातलं शिसं उतरलंय का ते बघायला पुण्याला पाठवली. महिन्याभरानं ते आले, ते कारखान्याच्या मालकाच्या गाडीतून. "काय न्हाय निघालं. म्हातारी झाली हुती की," म्हणाले. आमच्या आडाचं पाणी त्यांना लई गोड लागायचं, आले की तांब्या रिकामा करायचे. त्या दिवशी आईनं दिलेला पेला त्यांनी ओठांना लावला नाही. "वाया कशाला घालवायचं?" म्हणत वडिलांनी तो त्यांच्यासमोरच उचलला आणि घटाघटा संपवला. डॉक्टर बघत राहिले. आज दोघंही नाहीत, तरी सांगावंसं वाटतं: खोटं बोललात ते बोललात, डॉक्टर, पण मित्राच्या हातातला पेला तरी काढून घ्यायचा होता!