दुसरी आणि चौथी टाळी

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताचा अभ्यास मी नागपुरात बसून केला, असं सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखंच आहे ते. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी एका मुलींच्या कॉलेजात इंग्रजीची नवी लेक्चरर होते, आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका वाचनालयात मला एक जाडजूड पुस्तक आणि ग्रामोफोनच्या काही तबकड्या सापडल्या होत्या. तबकड्या इतक्या झिजलेल्या की गाण्यापेक्षा खरखर जास्त. पुस्तक मात्र खणखणीत होतं. कापसाच्या शेतात गुलामांनी कामाच्या लयीवर म्हटलेली गाणी, मग त्यांच्या चर्चमधली गाणी, मग ब्लूज, मग जाझ, सगळं ओळीने मांडलेलं. कुठल्या शहरात मयतापुढे बँड चालतो आणि तो जाताना संथ नि परतताना नाचरं वाजवतो, हेही मला तोंडपाठ होतं. ऐकलेलं थोडं आणि वाचलेलं फार. त्यावर मी कॉलेजात शनिवारचं श्रवण मंडळ काढलं आणि पंडित झाले.

त्या पुस्तकातली एक गोष्ट मला फार आवडली होती. आपण टाळी देतो ती समेवर, पहिल्या मात्रेवर. तिकडे चारातली पहिली मात्रा पायाने मोजतात आणि टाळी देतात दुसरीवर नि चौथीवर. मंडळातल्या मुलींचे हात काही केल्या वळेनात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आरत्या अंगात मुरलेल्या! मी त्यांना कवायत करायला लावली. तळवे खाली दाबले की लय कमी, वर उचलले की जास्त, अशा खुणा ठरवल्या. आणि वर एक नियम घालून दिला: काही झालं तरी टाळी सोडायची नाही.

अशात प्राचार्यबाईंनी बातमी आणली. अमेरिकेहून एक गायिका येणार होत्या. त्या तिकडे विद्यापीठात हेच संगीत शिकवत, आणि तिथे एक वर्ष शिकायला जाण्यासाठी इथल्या एका माणसाची शिफारस त्या करणार होत्या. कॉलेजात त्यांचा कार्यक्रम ठरला. प्राचार्यबाई मला म्हणाल्या, "तुमच्याशिवाय आहे कोण इथे? फक्त कार्यक्रम नीट होऊ द्या." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मला ते वर्ष हवं होतं, भुकेल्याला भाकरी हवी असते तसं.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. आमचं घर मूळचं विणकराचं. आजोबांपर्यंत माग चालला, बाबा गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानात लागले. दिवसभर थान उलगडायचे नि गुंडाळायचे, आणि संध्याकाळी भजनी मंडळ. गल्लीत बारसं असो की मयत, बाबांच्या टाळीशिवाय भजन उभं राहत नसे. ते मला म्हणाले, "मलेही शिकव न वं तुही ती उलटी टाळी. हॉलमंधी माह्यामुळे तुहं नाव खराब नाही झालं पाहिजे."

आणि ते शिकले. जेवून उठले की पाटावर बसून पाय आपटायचे नि समेवरची टाळी चुकवायचे. उभा जन्म जिथे हात पडला तिथे तो पडू द्यायचा नाही, हे साठीला टेकलेल्या माणसाला किती जड गेलं असेल! आई म्हणायची, "काहून छळून राहिली वं त्यायले?" बाबा हसायचे. मलाही गंमत वाटायची. माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी बाबाच निघाले.

कार्यक्रम दुपारचा होता. हॉल भरला. बाबा धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घालून तिसऱ्या रांगेत माझ्या मुलींच्या मधोमध बसले. मी मंचाच्या कोपऱ्यात उभी राहून ओळख करून दिली. गायिका चांगल्या थोराड, पोक्त बाई होत्या. सोबत गिटार वाजवणारा एक तरुण. पहिलं गाणं सुरू झालं आणि हॉलने दुसरीवर नि चौथीवर अशी टाळी दिली की बाई गाता गाता खळखळून हसल्या. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे यांना कोणी शिकवलं?" प्राचार्यबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी मान खाली घातली, पण आतून मी त्या क्षणी विमानात बसले होते.

अजून दोन गाणी झाली. मग बाईंनी गिटारवाल्याला बसायला सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या की त्यांची आई या उन्हाळ्यात गेली, आणि गावच्या चर्चमध्ये ती जसं म्हणायची तसं एक गाणं त्या म्हणणार आहेत. त्यांचे उच्चार हॉलमध्ये कोणाला कळण्याजोगे नव्हते. मला कळले. त्यांनी डोळे मिटले आणि एक सूर लावला. तो सूर लांबत गेला, थरथरला, खाली उतरला. त्याला ताल नव्हताच. आपल्याकडे आलापीला असतो का? तसाच.

आणि तिसऱ्या रांगेतून टाळी आली.

ती बाबांची होती. दुसरी मात्रा, चौथी मात्रा. नसलेला ठेका त्यांनी शोधून काढला होता. मग माझ्या मुलींनी उचलली, मग सगळ्या हॉलने. मी घाबरून तळवे खाली दाबले, थांबा, थांबा. मुलींना वाटलं, मॅडम लय कमी करा म्हणतात. सगळ्या हॉलने एकजुटीने लय कमी केली आणि जास्त जोर लावला. बाईंनी डोळे उघडले, थांबा म्हणून एक हात वर केला. आपल्या बैठकीत गवय्याचा हात वर गेला म्हणजे तो रंगलाय. टाळी आणखी वाढली. बाईंनी दोन ओळींत गाणं संपवलं आणि नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला खरोखर वाटलं.

नंतर त्या माझ्याजवळ आल्या. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट. एवढंच म्हणाल्या, "काही गाणी नुसती ऐकायची असतात, हे पण शिकव त्यांना." प्राचार्यबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

घरी जाताना रिक्षात बाबा खुशीत होते. "शेवटच्या गाण्याले तर डोळेच मिटले होते बाईनं. रंगली होती न वं? अन्‌ काय कठीण होतं वं ते! टाळी सापडूनच नव्हती राहिली. पण तू म्हटलं होतं न, सोडायची नाही म्हून."

मग मी त्यांना सांगितलं, ते कशाचं गाणं होतं.

"तिच्या मायचं होतं?" ते म्हणाले. "अन्‌ आपण टाळ्या वाजवल्या?"

ते "आपण" म्हणाले. मला वाटलं, "तुझ्यामुळे" म्हणाले असते तर सोसलं असतं.

सकाळी आईने पिठलं-भाकरी केली आणि बाबांनी डबा बांधला. ज्या घरी मयत होतं तिथे चूल पेटत नाही, तिथे शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची, ही आमच्या गल्लीची रीत. मी म्हटलं, "बाबा, उन्हाळ्यात गेली ती. आता दिवाळी झाली."

"आपल्याले कालच कळलं न," बाबा म्हणाले. "चाल. तिची भाषा मले नाही येत."

मी गेले. बाई उतरल्या होत्या त्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात त्या चहा घेत होत्या आणि समोर, माझं नशीबच तसं, प्राचार्यबाई बसल्या होत्या. धोतरातले बाबा डबा घेऊन पायऱ्या चढले तेव्हा मला त्यांचीही लाज वाटली, आणि ती वाटली याची पुन्हा वेगळी. बाबांनी डबा टेबलावर ठेवला, हात जोडले.

"बाई, चुकलं आमचं. हिच्यावर राग नका धरू. ही पुस्तकातून शिकली. हिच्या घरचं कोणी अजून गेलं नाही, हिले काय समजते? म्हून म्हणतो, हिले तिकडं न्या. नीट शिकवा." मग माझ्याकडे वळून, "सांग."

मी सांगितलं. एकही शब्द न गाळता सांगितलं. मला काही समजत नाही, हे मी माझ्याच तोंडाने, माझ्या चांगल्या इंग्रजीत, प्राचार्यबाईंच्या देखत सांगितलं आणि त्याच दमात मला न्या म्हणून भीकही मागितली. बाईंनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावून खाल्ला.

"तू ये," त्या मला म्हणाल्या. "मी नाव देईन. पण आधी यांना विचार, कोणी गेलं की यांच्याकडे काय गातात? मला ऐकायचंय."

मी विचारल्यावर बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. व्हरांड्याच्या फरशीवर मांडी घातली आणि गल्लीत प्रत्येक मयताला म्हणत ते भजन सुरू केलं. आवाज कापत होता, पण सूर पक्का. समेजवळ आले आणि त्यांचा हात उचलला गेला. तिथेच अडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात परत मांडीवर ठेवला. पुढच्या समेला पुन्हा तेच.

"वाजवा न बाबा," मी म्हटलं. "हे तर तुमचंच आहे."

बाबा गाता गाता थांबले.

"नाही वं," ते म्हणाले. "तू सांग, कुठं वाजवू."