जगाच्या घटना आणि आमचं गाऱ्हाणं

पेडण्याजवळच्या आमच्या गावात वाचनालय आहे आणि तिथली ग्रंथपाल मी. लोक पुस्तकं नेतात आणि परत आणत नाहीत, किस्से मात्र न मागता आणून टाकतात. गेल्या वर्षीपासून तर त्यांना कपाट पुरेना. कारण आमच्या गावस सरांनी दर रविवारी वाचनालयातच वर्ग सुरू केला.

सर निवृत्त, विषय नागरिकशास्त्र. कुठल्या देशाची राज्यघटना माणसाची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य कशी जपते, हे ते सांगणार. ऐकणारे मोजके. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवून दमलेला तुकाराम, मुलगा पोर्तुगालला असलेल्या शालिनीवहिनी, आणि सरांची मुलगी रेश्मा. रेश्मा वकिलीची पदवी घेऊन घरी होती. फळ्यावर लिहायचं काम तिचं, चहाचंही तिचंच.

*

पहिला रविवार जर्मनीचा. त्यांच्या घटनेचं पहिलंच कलम म्हणतं, माणसाच्या प्रतिष्ठेला कुणी हात लावायचा नाही.

तुकारामाने विचारलं, तिथला पोलीस ट्रकवाल्याला 'तू' म्हणतो का? जन्मभर नाक्यानाक्यावर 'ए, गाडी बाजूला घे' ऐकलेला माणूस, प्रश्न मनापासूनचा होता. सर म्हणाले, ते काही माहीत नाही, पण पोलिसाला 'तू' म्हटलं तर तिथे दंड होऊ शकतो.

"म्हणजे जर्मनीतय प्रतिष्ठा पोलिसाचीच," तुकाराम म्हणाला आणि त्याने वहीत जर्मनीवर काट मारली.

*

मग अमेरिका. तिथे राष्ट्राध्यक्षालाही तोंडावर बोल लावता येतात, असं सरांनी सांगितल्यावर शालिनीवहिनी म्हणाल्या, त्यात काय, आमच्या सासूबाईंना हे स्वातंत्र्य मरेपर्यंत होतं.

सरांना जोर चढला. म्हणाले, आज हा वर्ग म्हणजे अमेरिका, कुणीही माझ्यावर मोकळेपणी टीका करा. तुकाराम उठला आणि बोलत राहिला. शेवटी सरांनी घड्याळाकडे बघून आठवण करून दिली की भारताच्या घटनेत स्वातंत्र्यावर वाजवी बंधनं आहेत.

अमेरिकेतून भारतात यायला सरांना चाळीस मिनिटं लागली!

*

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकर सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं सांगतो आणि जमलेले एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' त्यात तुकारामाचा आवाज सगळ्यांत मोठा. वर्गातही सरांनी 'पुढच्या रविवारी दक्षिण आफ्रिका घेऊ या' म्हणायचा अवकाश, तुकाराम सवयीने गरजला, "व्हय म्हाराजा!"

सर चिडले. हे देऊळ नव्हे, म्हणाले. इथे प्रत्येकाला वेगळं विचारायचं. न विचारता होकार धरणं म्हणजे माणसाची प्रतिष्ठा पायदळी तुडवणं. रेश्माने ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग सर म्हणाले, रेश्मा, चहा.

"तिका विचारलात?" वहिनी.

सरांनी घसा साफ करून विचारलं. रेश्मा म्हणाली, "विचारलंत म्हणून करते." त्या दिवशीचा चहा मला अजून आठवतो, इतका चांगला झाला होता.

*

पावसाळा सरता सरता रेश्माला जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. विषय हाच, देशोदेशींच्या घटना. महिनाअखेरीपर्यंत होकार कळवायचा होता. सरांनी वर्गात पेढे वाटले आणि सांगितलं, जाईल की, पण आधी लग्न. मग सासरचे हो म्हणाले तर.

"ह्या कलम खंयच्या देशातला, सर?" वहिनींनी विचारलं.

सर हसले. घरातल्या गोष्टी वेगळ्या असतात, म्हणाले. रेश्मा फळा पुसत होती, आधीच स्वच्छ असलेला. मला सरांचा खरंच राग आला, पण पेढा तोंडात होता.

*

सोमवारी सकाळी सरांनी रेश्माच्या लग्नासाठी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला. आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. म्हाताऱ्या गावकराने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाचा लगीन औंदा ठरू दी, सासरी सुखान नांदू दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. तुकारामाचा आवाज त्यात नव्हता. तो रेश्माकडे बघत होता.

"नाय म्हाराजा," रेश्मा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण आमचं देऊळ लहान आहे.

गावकराने डोळे उघडले. सगळा जन्म गाऱ्हाणी घालण्यात गेला, पण हे उत्तर त्याला कधी आलं नव्हतं, त्यामुळे पुढचं वाक्य त्याला पाठ नव्हतं. तो सरांकडे बघेल असं मला वाटलं. तो रेश्माकडे वळला.

"मगे देवाक काय सांगू, बाय? तूच सांग."

तिने सांगितलं. विद्यापीठ, शिष्यवृत्ती, महिनाअखेर, सगळं. गावकराने मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडू शिकाक परदेशात जाता, तेची वाट सोपी कर. आनी तेच्या बापाशीक सुबुद्धी दी, रे म्हाराजा!"

सगळे सरांकडे बघू लागले. तुकारामाने तोंड उघडलं, तर शालिनीवहिनींनी त्याचा दंड दाबला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"व्हय म्हाराजा," सर म्हणाले.