हरणाचा गुडघा आणि हळदीचा पैरा

माझी सून हरणाबाई अठ्ठेचाळीस वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात हळदीच्या लागणीला पाण्याच्या पाटावरनं उडी मारताना तिचा पाय चिखलात रुतला, अंग पुढं गेलं आणि गुडघ्यातली दोरी तुटली. डॉक्टर तिला लिगामेंट म्हणतात. मिरजेला त्यांनी मांडीतलीच शीर काढून नवी दोरी बसवली. घरी आली ती वॉकर धरून. मी म्हटलं, "नातवंडांचा पांगुळगाडा गेला आन् सुनंचा आला." ती हसली. तेव्हा हसत होती.

नऊ महिने उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही. हरणानं बोटं मोजली. नववा महिना म्हणजे हळद काढणी. तिला पैऱ्यात परत जायचं होतं. पैरा म्हणजे बारा बायका, आज हिच्या रानात, उद्या तिच्या. वीस वर्षं तिनं खाडा केला नव्हता. म्हणायची, "घरात मी धनाजीची बायको. पैऱ्यात हरणा."

रोज सकाळी ओसरीवर ती पायाला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ वर उचलायची आणि मी मोजायची. शाळेत मी दोनच वर्षं गेले, माझी मोजणी विसाची, आम्ही त्याला इसा म्हणतो. वीस झाले की एक खडा बाजूला. पाच खडे म्हणजे शंभर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की मी दोन-चार आकडे गाळायची.

"आत्याबाई, लबाडी न्हाई हां!"

दिवाळीत ती मिरजेला दाखवायला गेली होती, तेव्हा तिची मैत्रीण मनुबाई आली.

"आत्ती, पैरा ठरवायचाय. हरणा येनार का?"

"न्हाई गं. पुन्यांदा तुटलं म्हंजी? दुसरी बघ कोनतरी."

"तिला इचारलंय का?"

"मी सांगते की."

सांगितलं नाही. पायात जोर भरतोय तो भरू दे, असं मनाला समजावलं आणि रोज मोजत राहिले.

माघात डॉक्टरांनी मोकळीक दिली, फक्त उकिडवं बसू नको म्हणाले. हरणा चहासुद्धा न घेता मनुबाईकडं गेली. परत आली ती चपला न काढता उंबऱ्यातच उभी.

"मनू म्हनती, तुमीच न्हाई म्हनालासा."

"तुझ्या भल्यासाठी गं..."

"कवा?"

"दिवाळीत."

"म्हंजी तीन म्हयनं! रोज शंभर मोजत व्हता, तवा तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग मोजत कशाला व्हता?"

 

दुसऱ्या दिवशी हरणानं बसायला तेलाचा रिकामा डबा घेतला आणि न बोलावता मनुबाईच्या रानात हळद मोडायला, म्हणजे गड्ड्यापासून हळकुंडं सुटी करायला गेली. तिची जागा भरली होती. ही तेरावी. तिच्या बदल्यात आमच्या रानात कुणी येणार नाही, हे तिलाही ठाऊक. संध्याकाळी पिवळे हात घेऊन आली. चहा केला. माझाही केला, पण कप हातात दिला नाही, खाली ठेवला.

सकाळी तिनं पिशवी बांधली. मी खडे घेऊन बसले.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून आपली आपण मोजू लागली. दहावी पास बाई ती. पण वीस झाल्यावर हळूच म्हणाली, "एक इसा."

मी खडे मुठीतच धरून ठेवले.