शेजारच्या पपईत माझा वाटा

विषय : शेजारच्या पपईच्या फळांत बापाकडच्या नात्याने अर्धा वाटा मिळणेबाबत.
संदर्भ : सौभाग्यवतींचा तोंडी इशारा, जो मी वेळीच फाईलबंद केला.

हसू नका! आधी प्रकरण ऐका.

निवृत्त होऊन बोरीला राहायला आलो आणि पोटाने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "रोज पपई खा." विकत कशाला? परसात खड्डा घेतला, बिया टाकल्या, चार रोपं उगवली. फुलं दिसली की एकच झाड ठेवायचं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कोणतं ठेवायचं, ते पान तेवढं राहिलं!

तीन झाडांना खोडालगत एखाददुसरं फूल. चौथ्याला मात्र फुलांच्या लांबलचक माळाच माळा!

"अवो, ते नर हाय. त्याला फळ येत नसतंय," सौ. म्हणाली.

"फुलं बघ की! पुरावा समोर लोंबतोय."

तिन्ही झाडं उपटली. वर गावभर सांगत सुटलो, यंदा पपया वाटाव्या लागणार!

माळा फुलल्या, गळल्या. फळ? नावाला नाही!

"कच्च्या पपईची भाजी करायची म्हनून किसणी काढून ठिवलीय," सौ. म्हणाली. "आता फुलंच किसू का?"

तेवढ्यात भिंतीपलीकडचे गुरुजी भलीमोठी पपई घेऊन हजर. त्यांचं झाड मादी. एकटं असल्यामुळे दरवर्षी फुलं गाळायचं. ते तोडायलाच निघाले होते. यंदा टेकू द्यावे लागले!

"साहेब, तुमच्या नराची कृपा," गुरुजी म्हणाले. "त्याचे पराग इकडं आले, अन् आमचं झाड लय फळलं बघा."

काय ऐकलं मी! म्हणजे तो सगळा फळभार माझ्याच घराण्याचा! छाती फुगवून पपई संपवली आणि त्याच बैठकीत गुरुजींच्या नावे अर्ज लिहिला.

गुरुजींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"अक्षर झकास हाय. पण बाप म्हनून हक्क मागायलात, तर लेकरांना पाणी कोण घालायचं?"

"मी घालीन!" मी ताठ मानेने म्हणालो.

तेव्हापासून रोज सकाळी बादल्या घेऊन भिंतीपलीकडे जातो. येताना हातात एक पपई असते. गुरुजी तिला मजुरी म्हणतात, मी अंतरिम वाटा म्हणतो.

पोटाचं प्रकरण निकाली निघालं आहे. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.