शेंदुर्णीला उतरलेले आबा

आदरणीय शांतवन आबांची आणि माझी पहिली भेट पाचोरा स्टेशनवर झाली, आणि ती मी त्यांच्यावर ओरडल्यामुळे झाली. माझे वडील तिथे रेल्वेत हमाल होते. बिनबिल्ल्याच्या माणसाने ओझे उचलले की त्यांचा जीव खालीवर व्हायचा, आणि तो गुण माझ्यातही उतरला होता. त्या दिवशी मळक्या कोटातले एक गृहस्थ डोक्यावर पेटी घेऊन जामनेरच्या छोट्या गाडीकडे निघालेले दिसले. ट्रंक नव्हे, वाजवायची पेटी. मी धावत जाऊन त्यांना अडवले आणि बिल्ला कुठे आहे म्हणून दरडावले. त्यांनी पेटी खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, “बिल्ला नाही रे बाबा. मी पाळक आहे. तू असं कर, एक बाजू तू धर.”

मी धरली. पेटी डब्यात ठेवेपर्यंत गाडी सुटली, आणि मी विनातिकीट पहूरला पोहोचलो. हे सारे ठरवून झाले की आपोआप, ते मला आजही सांगता येणार नाही. आबांच्या बाबतीत माझे बहुतेक वेळा असेच झाले आहे.

आबांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी ‘आबांची सेवक घडवण्याची पद्धत’ या विषयावर मी लिहावे, असे समितीने कळवले, तेव्हा मी ताबडतोब होकार दिला. हा विषय म्हणजे माझ्या हातचा मळ, असे मला वाटत होते. गेल्या महिन्यापर्यंत तसा तो होताही. आता लेख द्यायची वेळ आली आहे आणि काय लिहावे तेच कळेनासे झाले आहे. वाचकांनी हा गोंधळ सांभाळून घ्यावा.

जे निर्विवाद आहे ते आधी सांगतो. धुळ्यापासून जामनेरपर्यंतच्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांना स्वतःचा पाळक मिळणे मुश्कील होते, तेव्हा आबांनी गावोगावचे तरुण हेरले आणि त्यांना उभे केले. वर्ग नाही, फळा नाही. पेटी उचलायला लावायची, सोबत हिंडवायचे, आणि एखाद्या रविवारी न सांगता म्हणायचे, “आज उपदेश तू कर.” त्याहून अवघड असायचा सोमवार. आदल्या दिवशी उपदेश करणाऱ्याने घरोघर जाऊन विचारायचे, काल मी काय सांगितले? माझा पहिला उपदेश क्षमेवर होता. पहूरच्या रूथ अक्कांना मी विचारले. त्या मूळच्या दोंडाईच्याकडच्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, “भाऊ, तू घामाघूम व्हयेल व्हता, इतलंच माले याद शे.” आबांनी मला तोच उपदेश पुढच्या रविवारी पुन्हा करायला लावला. तेव्हा फार राग आला होता. आज माझ्या हाताखालच्या मुलांना मी हेच करायला लावतो आणि त्यांनाही राग येतो.

आबांचा एक नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. पाळक आजारी असो, गावाला गेलेला असो, वाहून गेलेला असो, रविवारी नऊ वाजता घंटा वाजलीच पाहिजे आणि उपासना झालीच पाहिजे. “मंडळी माणसावर चालत नाही,” असे ते म्हणत. हा नियम लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा घोटाळा त्यावरून आहे.

मी बावीस वर्षांचा झालो तेव्हा वडिलांनी साहेबांच्या हातापाया पडून मला रेल्वेत चिकटवले. महिनाअखेर हजर व्हायचे होते. मला मात्र सेमिनरीत जाऊन पाळक व्हायचे होते, आणि त्यासाठी आबांचे शिफारसपत्र लागत होते. वडील म्हणाले, “आबांनी लिहून दिलं तर जा. नाही दिलं तर मुकाट्यानं हजर हो.” मी आबांकडे गेलो. त्यांचा चेहरा त्या दिवशी उतरलेला होता. पत्राचे नाव न घेता ते म्हणाले, “शनिवारी पहूरला जाऊन तयारी कर. मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. मग बघू.”

मी ताडले, ही आपली परीक्षा. शनिवारी जाऊन उपासनेचा ओटा सारवून घेतला, पेटी पुसली, सतरंजी झटकली. रविवारी गाडी आली. आबा आले नाहीत. गार्डने सांगितले, “तुमचे पाळकबुवा ना? ते शेंदुर्णीलाच उतरले. बाकावर बसलेत. तब्येत बरी दिसत नव्हती.”

नऊ वाजायला आले. पंधरा-सोळा माणसे ओट्यावर जमली होती. नियम मला पाठ होता. घंटेची दोरी माझ्या हातात होती. पण ती ओढवेना. आबा तिकडे एकटे बसले आहेत, कदाचित छातीत कळ आली असेल, आणि आपण इकडे गीत नंबर अमुक म्हणायचे, हे काही केल्या जमेना. मी सर्वांना गार्डचे म्हणणे सांगितले. रूथ अक्का उठल्या. “आबा तठे एकला बठेल शेतस आनी आपन आठे गाना म्हनत बसूत का? चाला, बठ्ठा चाला!”

उपासना सोडून आम्ही निघालो. शेंदुर्णी तीन कोस. परतीची गाडी दुपारनंतर. उपासना कुठे होईल, होईल की नाही, काहीच ठाऊक नसल्याने आम्ही सगळेच सोबत घेतले: पेटी, ढोलकी, सतरंजी, आणि अक्कांनी बांधलेल्या भाकरी. रस्त्याने भेटेल तो विचारी, “कोनं लगीन शे?” चालता चालता लक्षात आले की मी परीक्षेत नापास झालो आहे. ऐन वेळी घंटा न वाजवणाऱ्याला आबा कशाला पत्र देतील? महिनाअखेर खाकी कपडे चढवायचे, हे मी तीन कोसांत मनाशी मान्य करून टाकले.

आबा स्टेशनाबाहेर निंबाखाली बसले होते. तब्येत ठणठणीत दिसत होती. आमची वरात पाहून ते उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. अक्का कडाडल्या, “आमना जीव टांगनीले लागना ना, आबा! तुमी आठे बसेल शेतस?” आबा माझ्याकडे वळले. मला विचारले, “घंटा वाजली का?” मी म्हणालो, “नाही.” त्यांनी सतरंजी अंथरायला सांगितली. मग सतरंजीवर माणसांत जाऊन बसले आणि म्हणाले, “चालव.”

निंबाखाली ती उपासना मी चालवली. काय बोललो ते आठवत नाही, आणि सोमवारी विचारायलाही कोणी लावले नाही. चार दिवसांनी आबांनी शिफारसपत्र दिले. नापास झालेल्याला पत्र कसे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बऱ्याच विचारानंतर मी असा अर्थ लावला की आबा मुद्दाम लपले होते. गुरू नसताना शिष्य काय करतो, ते त्यांना पाहायचे होते.

पाळक झाल्यावर मी ही ‘पद्धत’ चालू केली. बरोबरीच्या दोघातिघांना सांगितली, त्यांनीही उचलली. आज या भागात एखाद्या रविवारी पाळक केळीच्या बागेत किंवा एस.टी. स्टँडवर दडून बसलेला आढळला, तर तो शिकवतो आहे असे समजावे. माझा एक शिष्य मी न दिसल्याने उपासनेच्या खोलीला कुलूप लावून सासुरवाडीला गेला. दुसऱ्याने घाबरून एकच गीत चार वेळा म्हणवून घेतले. पण पद्धत आबांची, तेव्हा तीत खोट कशी असेल!

गेल्या महिन्यात या लेखासाठी मी धुळ्याला आबांकडे गेलो. ते लेकीकडे असतात. शेंगा फोडत बसले होते. मी पद्धतीचे वर्णन वाचून दाखवले. केळीच्या बागेपाशी आल्यावर आबा हसू लागले आणि ठसका लागेपर्यंत हसले. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, “अरे, मी लपलो नव्हतो. मी सोडून चाललो होतो.”

त्या आठवड्यात दोंडाईच्याची मंडळी फुटली होती. फोडणारे दोघेही आबांनीच घडवलेले. आधी प्रार्थना कोणी करायची यावरून भांडले आणि गावाच्या दोन टोकांना दोन उपासना भरवू लागले. “मला वाटलं, आपल्याला माणसं घडवता येत नाहीत,” आबा म्हणाले. “राजीनामा खिशात होता. पहूरला तोंड दाखवायचा धीर झाला नाही, म्हणून शेंदुर्णीला उतरलो. परतीच्या गाडीनं पाचोऱ्याला जाऊन तो टपालात टाकणार होतो. तेवढ्यात तुम्ही ढोलकी घेऊन आलात.” मग शेंगांकडे पाहत अगदी हळू म्हणाले, “तुमी उनात, म्हनीसन मी राहिनू.”

आम्ही आलो म्हणून आबा राहिले होते! आणि तरी मी मूर्खासारखे विचारले, “मग मी पास झालो होतो की नापास?”

“मला काय ठाऊक?” आबा म्हणाले. “त्या दिवशी मी शिकवत नव्हतो.”

हे छापू का, असे मी विचारले. “छाप,” ते म्हणाले. “आणि पोरांना म्हणावं, बागेतून बाहेर या.”

तेव्हा आबांची पद्धत कोणती, या समितीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. नियम त्यांचाच, तो मोडूनच आम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचलो, आणि तरीही दर रविवारी नऊ वाजता मी घंटा वाजवतो. याचा मेळ मला घालता येत नाही. एवढेच माहीत आहे की त्या दिवशी मंडळीतला कोणीही बसून राहिला नाही, आणि त्या सगळ्यांना आबांनीच घडवले होते.

आबा, प्रभू तुम्हाला शंभरी दाखवो, गुडघे चालते ठेवो आणि शेंगा फोडायला दात-हात शाबूत ठेवो. पुन्हा कधी मन खचले आणि मधल्याच एखाद्या स्टेशनावर उतरावेसे वाटले, तर खुशाल उतरा. गार्ड आम्हाला सांगेल. रूथ अक्का भाकरी बांधतील. पेटी आता जुनी झाली आहे आणि पूर्वीपेक्षा जड लागते, पण तिची एक बाजू मी धरलेली आहे.