तुळसीचं जुनं विमान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय तेही कुठे — या पुस्तकी मराठीत, जी आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. आम्ही कुंभकोणमचे. घरात मराठी बोलतो, पण ती जुनी, तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेल्यांची. लिहायची वेळ आली की अक्षरं तमिळ. देवनागरी मी पुढे पुण्यात सहा वर्षं नोकरी केली तेव्हा गिरवली. म्हणजे ज्या एका माणसानं हे वाचायला हवं, तिला हे वाचता येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. याला काय म्हणायचं? मी भित्रेपणा म्हणतो.

गोष्ट विमानांच्या खेळाची आहे. हसा, माझी हरकत नाही. मलाही कधीकधी वाटतं, की एका खेळावरून एवढं काय? पण मग खेळ नेमका कुठे संपला आणि बाकीचं कुठे सुरू झालं, तेच मला अजून नीट उमगलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत एक कॉम्प्युटर सेंटर होतं आणि मी तिथे कामाला होतो. लग्नाच्या पत्रिका छापायच्या, लोकांना ई-मेल उघडून द्यायचे, ई-मेल म्हणजे काय ते सांगायचं — असं काम. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नसे. तेव्हा मालक, नटराजन सार, आम्हाला खेळू देत. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, तुळसीला. ती गणितात बी.एस्सी. होऊन घरी बसली होती, आणि तिच्यासाठी स्थळं पाहणं चाललं होतं. आमच्या लोकांत स्थळं ती किती? तंजावर, सेलम, बंगळूर — बोटांवर मोजावीत.

परदेशातल्या कुठल्याशा मशीनला फोनच्या लाइनीतून जोडून घ्यायचं आणि जगभरच्या लोकांशी लढाऊ विमानं घेऊन लढायचं, असा तो खेळ. फुकट खेळणाऱ्याला एक जुनं जेट मिळे. जड, मंद, चढ लागला की धापा टाकणारं. चांगली विमानं घ्यायला परदेशी कार्ड लागे, आणि ते अख्ख्या गल्लीत कुणाकडे नव्हतं. तेव्हा आम्ही कायम तेच जुनं उडवत असू. आणि जिंकत असू — म्हणजे, तुळसी जिंकत असे. हेही मी तेव्हा कुणापुढे कबूल केलं नव्हतं.

तिनं ते कसं शोधून काढलं, देव जाणे. ती म्हणे, पहिलं म्हणजे वर जायचंच नाही. वर त्या नव्या विमानांचं राज्य. जमिनीला चिकटून, झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, म्हणजे त्यांची क्षेपणास्त्रं गोंधळतात. दुसरं, मागे कुणी लागला तर सरळ पळायचं नाही, त्याच्या पुढे आपण पळणार ते किती? त्याला जवळ येऊ द्यायचं. अगदी जवळ. आणि शेवटच्या क्षणाला बाजूला वळायचं. त्याचाच वेग त्याला पुढे घेऊन जातो, आणि दोन सेकंद तो आपल्यासमोर असतो. तेवढ्या दोन सेकंदांत काय ते करायचं. जमलं तर जमलं, नाही जमलं तर पाठलाग करायचा नाही. पाठलागात जुनं विमान मरतं. त्याच्या इंजिनाकडे पाहायचं नाही, त्याच्या उतावळेपणाकडे पाहायचं. हे सगळं ती केसांना तेल लावत असताना सांगे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट — एकट्यानं लढायचं नाही. जोडीनं लढायचं. एकानं खाली राहून त्यांना खेळवत ठेवायचं. गोळी मारायची नाही, पळायचं नाही, नुसतं जिवंत राहायचं. दुसऱ्यानं तोवर लांब जाऊन हळूहळू उंची गाठायची आणि मागून त्यांच्यावर यायचं. खाली राहणं अवघड. खाली तुळसी राही. येणारा मी.

आम्ही शेजारशेजारच्या कॉम्प्युटरवर बसून आपल्या भाषेत बोलत असू. बाहेर आम्ही तमिळच बोलतो, पण खेळताना घरची भाषा. सेंटरात ती कुणाला कळत नसे. एखाद्या भिंतीआड बसल्यासारखं वाटे आम्हाला.

मग तो माणूस आला. आईवडलांना घेऊन नवग्रहांच्या देवळांच्या यात्रेला निघालेला. ते दोघं तिरुनागेश्वरम् करून लॉजवर पडले होते, आणि हा मेल पाहायला आमच्याकडे. इंग्रजीत बोलला. वहीत नाव मीच लिहून घेतलं, आमच्या रीतीनं — बापाच्या नावाचं एक अक्षर आणि पुढे स्वतःचं नाव. के. संजय. आडनाव आम्ही विचारत नाही, आमच्यात कुणी लावतच नाही. आमच्या लेखी तिरुपतीच्या पलीकडचा प्रत्येक माणूस उत्तरेचा. हाही उत्तरेचा, झालं!

त्यानं आमचा खेळ पाहिला आणि खुर्ची ओढून बसला. बंगळूरच्या एका छोट्या कंपनीत होता. तिथे असाच एक खेळ बनवत होते. त्यांना असा एक माणूस हवा होता, जो कमजोर विमान घेऊन खेळेल आणि खेळ कुठे अन्याय करतो ते सांगेल. पगाराची नोकरी. म्हणाला, उद्या दुपारी पुन्हा येतो, तुम्हा दोघांचा खेळ नीट पाहतो, एका नावाची शिफारस करीन.

त्या संध्याकाळी तुळसी घरी चालत आली नाही, जवळजवळ पळतच आली. बंगळूरला आत्या होतीच, राहायची अडचण नव्हती. नोकरी लागली तर स्थळं वर्षभर थांबतील, असं ती अम्माला स्वयंपाकघरात सांगत होती. मी ऐकत होतो. मला ती नोकरी हवी होती का? खरं सांगतो — नाही. मला बंगळूरला जायचं नव्हतं. मला कुठेच जायचं नव्हतं. मग काय हवं होतं? ती जाऊ नये, असं? की ती माझ्यापेक्षा चांगली आहे हे कुणी मोठ्यानं म्हणू नये, असं? की त्या दुपारच्या खोलीत मी एकटा उरू नये?

दुसऱ्या दिवशी तो आमच्या मागे हात बांधून उभा राहिला. पलीकडे पाच जण होते, सगळे नव्या विमानांत. तिघं तुळसीच्या मागे लागले. ती झाडांवरून त्यांना फिरवत राहिली. मी वर पोचलो होतो. ते तिघंही मला खाली दिसत होते, पाठ करून. ती म्हणाली, "अण्णा, कोठें आहेस?"

मी म्हणालो, "येतों, येतों. तूं खालींच राहा."

आणि मी गेलो नाही.

हात जॉयस्टिकवर होता. नुसता पुढे ढकलायचा होता. का नाही ढकलला? मी ठरवलं होतं असंही म्हणवत नाही, नव्हतं ठरवलं असंही म्हणवत नाही. ती तशीच फिरत राहिली, गोळी न मारता, माझ्या भरवशावर. मग पडली. खेळच तो, पुन्हा नवं विमान घेऊन आली. मी पुन्हा म्हणालो, येतों. असं चार वेळा. आणि तिला पाडताना ज्यांचा वेग गेला, त्यांतले दोघं मी वरून टिपले, म्हणजे गुण माझ्या नावावर. ज्याला आमची भाषा कळत नाही, त्याला काय दिसलं असेल? एक मुलगी, जी शत्रूसमोर गोल गोल फिरते आणि मरते. एक मुलगा, जो मारतो. एवढं मात्र मी नक्की मनात मोजलं होतं. त्याला आम्ही काय बोललो ते कळणार नाही, हे.

खेळ संपला. तो वाकला आणि तुळसीला म्हणाला, "फार छान उडवलंत. ते येतो म्हणाले म्हणून तुम्ही थांबलात ना?"

मराठीत! तो पुण्याचा होता.

तुळसी आधी दचकली, मग हसायलाच लागली. तिनंच उत्तर दिलं, "लाइन अडकली असेल. अण्णा आलाच असता." एका लाइनीवर आम्ही दोघं, ती अडके हे खरंच होतं. पण त्या दुपारी ती एकदाही अडकली नव्हती. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणालो, "होय, लाइन." त्यानं मान हलवली.

तुम्हाला वाटेल, हाच गुन्हा. इथेच थांबायचा मोह मलाही होतो. पण एवढंच असतं तर मी हे कधीच हसत सांगून टाकलं असतं.

तो संध्याकाळी घरी आला. तुळसीनंच बोलावलं. अप्पा — आमचे वडील, शाळेत चित्रकला शिकवायचे — पुण्याचा माणूस आपल्या ओट्यावर बसलाय यानंच हरखून गेले. त्यांची जुनी मराठी ऐकून तो हसे, त्याची मराठी ऐकून अप्पा हसत. जाताना त्यानं अप्पांना स्पष्ट सांगितलं, तुमच्या मुलीचं नाव देतो, हा माझा नंबर, आठवड्याभरात फोन करा. माझ्याबद्दल बरं नाही, वाईट नाही, काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसी दारात कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, काढत होती. रोजच्यापेक्षा मोठं काढत होती. अप्पांनी मला आत बोलावलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नसे, आणि त्यांची रीत अशी, की जे आपल्याला कळत नाही ते कळणाऱ्याला विचारायचं आणि मग त्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही. म्हणाले, "तूं तेथें होतास. तूंच सांग. पोरीस जमेल काय?"

कुणी दबाव घातला नव्हता. विचार करायला वेळ होता. बाहेर ती गुणगुणत होती, मला ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "नाही अप्पा. चार वेळां पडली ती. तो मनुष्य मर्यादेखातर गोड बोलला."

हे ते. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही.

अप्पांनी फोन केला नाही. तुळसीनं का म्हणून विचारलं, तर एवढंच म्हणाले, मज नको वाटतं. माझं नाव त्यांनी काढलं नाही. का काढलं नाही? भावाबहिणीत वितुष्ट नको म्हणून? की आपला निर्णय तो आपलाच, असं त्यांना वाटे? मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी मला बोलावं लागलं असतं. ती दोन दिवस रडली, मग थांबली. वर्षभरात तिचं लग्न झालं, सेलमला. माणसं वाईट नाहीत.

पण ती अप्पांशी पुन्हा पहिल्यासारखी बोलली नाही. दिवाळीला येई, अम्माशी तासन्‌तास बोले, माझी थट्टा करी, माझ्यासाठी गोड काही बांधून आणी. अप्पांशी कामापुरतं. ते सकाळी उठून हॉटेलातून तिच्या आवडीची इडली आणि कडप्पा, म्हणजे आमच्या गावचं डाळ-बटाट्याचं कालवण, आणत, तिच्यासमोर ठेवत आणि तिथेच घुटमळत. ती खाई. छान आहे, म्हणत नसे. मी शेजारी बसून खात असे. असं अकरा वर्षं. अकरा वर्षांत किती सकाळी झाल्या असतील? त्यांतल्या कुठल्याही एका सकाळी मला बोलता आलं असतं. मी चटणी मागत असे.

मग अप्पा गेले. तेराव्याला पानं मांडली होती, मी भात वाढत होतो. तुळसी कोपऱ्यातल्या पानावर बसली होती. बारा दिवसांत तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि बायका त्यावर कुजबुजू लागल्या होत्या. मी वाकलो तेव्हा ती हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "अण्णा, अप्पांनी तेव्हां मज जाऊं दिलं असतं, तर आज रडूं आलं असतं."

अम्मा समोर होती. पातेलं माझ्या हातात होतं. तिनं माझ्याकडे वर पाहिलं, तिला माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं.

मी विचारलं, आणखी भात वाढूं काय?

ती म्हणाली, थोडा.

मी थोडा वाढला.