गुरुजींचा वाटा

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, होती तोवर आमच्या हायस्कुलात मालगुजारांची, वकिलांची आणि शेटजींचीच पोरं असायची. ती गेल्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांची, धान पिकवणाऱ्यांची मुलं चार-चार कोस चालत येऊ लागली. आम्हा मास्तरांना ते पचलं नव्हतं, मला तर नाहीच. सलग आठ दिवस गैरहजर राहणाऱ्याचं नाव कापायचा नियम होता. वकिलाचा मुलगा लग्नासाठी महिनाभर गेला तेव्हा मला तो नियम आठवला नव्हता.

होळीनंतर नववीतला एक ढिवराचा मुलगा येईना. नवव्या दिवशी मी त्याचं नाव कापलं. त्याच दुपारी त्याची आई पळसाच्या पानांत मासे घेऊन दारात आली.

"पोराले रागावू नका जी. त्याचा बाप तापानं पडला. तलावात जाळं ओढाले घरचं कोणी उतरलं नाई तं वाटा भेटत नाई, म्हणून तो उतरला. उद्यापासून येते. आपल्या वाट्यातले हे त्यानं तुमच्यासाठी काढले."

नाव कापल्याचं माझ्या तोंडून निघालं नाही. मासे मात्र मी घेतले, आणि खाल्लेही.

दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू होताच तो "हजर" म्हणायला उठून उभा राहिला. शेवटचं नाव घेऊन मी हजेरीपट मिटला, तरी तो उभाच होता.